गोठवलेल्या भ्रूणांची जनुकीय तपासणी : नाशिकच्या दांपत्यांनी काय, कधी आणि कसे करावे

आयव्हीएफच्या उपचारात तयार झालेली तीन-चार भ्रूणे रुग्णालयात गोठवून ठेवलेली आहेत आणि गोठवताना त्यांची जनुकीय तपासणी झालेली नाही. मधल्या काळात कुटुंबात कुणाला तरी सिकलसेलचे किंवा थॅलेसेमियाचे (दोन्ही आनुवंशिक रक्तविकार) निदान झाले आहे, अथवा पहिल्या प्रत्यारोपणानंतर गर्भ पडला आहे. अशा स्थितीतील दांपत्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. गोठवलेले भ्रूण वितळवून त्यातील काही पेशी काढता येतात, भ्रूण पुन्हा गोठवता येते आणि पेशींचा अहवाल आल्यावर योग्य भ्रूणाचे प्रत्यारोपण करता येते. मात्र या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. तपासणीकडून नेमके कशाचे उत्तर हवे आहे हे ठरेपर्यंत आणि त्याची पूर्वतयारी पूर्ण होईपर्यंत एकही भ्रूण टाकीबाहेर काढू देऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला, भ्रूणातील जैविक हालचाल थांबलेली असते. त्यामुळे दोन-तीन महिने थांबल्याने त्याचे काही बिघडत नाही, आणि त्याच्या गुणसूत्रांच्या दृष्टीने स्त्रीचे वयही स्त्रीबीजे काढली त्या दिवशीचेच धरले जाते.

गोठवण्याच्या तंत्राविषयी अनेकांच्या मनात धास्ती असते, म्हणून येथे एक गोष्ट नोंदवतो. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून जन्मलेली भारतातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी गोठवून ठेवलेल्या भ्रूणापासूनच जन्मली होती. त्या काळी भ्रूण हळूहळू थंड केले जाई आणि पेशींत बर्फाचे स्फटिक होण्याचा धोका राही. आज वापरली जाणारी व्हिट्रिफिकेशनची पद्धत इतकी जलद आहे की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, आणि चांगल्या प्रयोगशाळेत वितळवलेल्या ब्लास्टोसिस्टपैकी (म्हणजे पाच-सहा दिवसांच्या भ्रूणांपैकी) ९० टक्क्यांहून अधिक सुखरूप राहतात. तरीही उरलेला धोका शून्य नसतो, आणि ज्यांच्याकडे दोनच भ्रूणे आहेत त्यांनी तो विसरून चालणार नाही.

आधी प्रश्न ठरवा

पीजीटी, म्हणजे प्रत्यारोपणापूर्वीची जनुकीय तपासणी, या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या तपासण्या येतात. पहिली, पीजीटी-एम, एका जनुकातील ज्ञात दोषामुळे होणाऱ्या आजारासाठी असते. दुसरी, पीजीटी-एसआर, आई किंवा वडील यांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असल्यास केली जाते. तिसरी, पीजीटी-ए, भ्रूणातील गुणसूत्रांची संख्या ४६ आहे की कमी-अधिक, एवढेच पाहते. पीजीटी-ए चा अहवाल निर्दोष आला म्हणजे सिकलसेल नाही, असा अर्थ कधीही होत नाही, कारण त्या तपासणीत तो दोष शोधलेलाच नसतो. हा गैरसमज मी वारंवार ऐकतो आणि तो वेळीच दूर झाला नाही तर त्याची किंमत जन्मणाऱ्या बाळाला मोजावी लागते.

नाशिक जिल्ह्यात पहिल्या प्रकाराचे महत्त्व विशेष आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या भागांतील आदिवासी समाजांमध्ये सिकलसेलचे वाहक (जनुकाची एकच प्रत सदोष असलेले, पण स्वतः निरोगी लोक) आढळतात. शहरात आणि देवळाली कॅम्प परिसरात राहणाऱ्या सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा कुटुंबांमध्ये बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने अधिक असते. अर्थात, हे दोष कोणत्याही समाजात असू शकतात, त्यामुळे 'आमच्यात हे नसते' या समजुतीवर विसंबू नये. सिकलसेलच्या शिबिरात होणारी रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी प्राथमिक स्वरूपाची असते. ती वाहक आणि रुग्ण यांत फरक करू शकत नाही आणि थॅलेसेमिया तर तिच्यात दिसतच नाही. पती सिकलसेलचा वाहक आणि पत्नी थॅलेसेमियाची वाहक असेल, तर बाळाला दोन्हींचा संयुक्त आजार होऊ शकतो, म्हणून दोघांनीही एचपीएलसी पद्धतीने हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात सिकलसेलच्या तपासणीविषयी चौकशी करता येते, कारण १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी आणि समुपदेशन या दोन्हींवर भर आहे. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचा अहवाल पूर्ण निर्दोष असेल, तर बाळाला हा आजार होत नाही आणि त्यासाठी भ्रूणाची तपासणी करण्याचे कारणही उरत नाही.

दोन किंवा अधिक वेळा गर्भ पडला असेल, तर भ्रूणांना हात लावण्यापूर्वी पती-पत्नी दोघांची कॅरिओटाइप (गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी) तपासणी करावी. ती साध्या रक्ताच्या नमुन्यावर होते. गुणसूत्रांची अदलाबदल आढळली तर पीजीटी-एसआर करण्याला ठोस आधार मिळतो.

राहिला प्रश्न पीजीटी-ए चा, आणि येथे दांपत्यांनी खरोखर सावध राहावे. वय वाढते तसे गुणसूत्रांची संख्या चुकलेल्या भ्रूणांचे प्रमाण वाढते. तिशीच्या सुरुवातीला ते साधारण एक तृतीयांश असते आणि चाळिशीच्या पुढे अर्ध्याहून अधिक होते. त्यामुळे वय अधिक असलेल्या स्त्रीला निष्फळ प्रत्यारोपण आणि गर्भपात टाळण्यासाठी या तपासणीचा उपयोग होऊ शकतो. परंतु तपासणीमुळे भ्रूण सुधारत नाही, फक्त त्यांची निवड होते. चीनमध्ये २० ते ३७ वर्षे वयाच्या आणि किमान तीन चांगली ब्लास्टोसिस्ट असलेल्या १,२१२ स्त्रियांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पीजीटी-ए केलेल्या गटात बाळ जन्माला येण्याचे एकूण प्रमाण ७७.२ टक्के, तर न केलेल्या गटात ८१.८ टक्के होते. वय कमी असेल, भ्रूणे चांगली असतील आणि आधीच गोठवलेली असतील, तर केवळ 'करून घेतलेले बरे' म्हणून ती वितळवून, छेदून पुन्हा गोठवणे मला समर्थनीय वाटत नाही. डॉक्टरांनी सुचवले असेल तर 'आमच्या वयाला आणि आमच्या भ्रूणांच्या संख्येला यातून नेमका कोणता फायदा होईल?' असे नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावे.

गोठवणीची नोंद मागून घ्या

प्रश्न ठरल्यावर रुग्णालयाकडून भ्रूणांच्या गोठवणीची नोंद लेखी स्वरूपात मागावी. त्या कागदावर प्रत्येक भ्रूणापुढे गोठवल्याची तारीख, त्या वेळी ते कितव्या दिवसाचे होते, त्याची प्रत (दर्जा), ते ज्यात ठेवले आहे त्या स्ट्रॉ किंवा क्रायोलॉकचा (बारीक नळीचा किंवा पट्टीचा) क्रमांक आणि टाकीतील जागा लिहिलेली असते. पाचव्या दिवसाचे भ्रूण असेल तर त्यापुढे '४एबी' अशी नोंद दिसते. त्यातील आकडा ब्लास्टोसिस्ट किती फुगले आहे ते सांगतो, पहिले अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याची प्रत सांगते (ज्यातून बाळ घडते) आणि दुसरे अक्षर बाहेरच्या थराची (ज्यातून वार तयार होते). तपासणीसाठी पेशी काढतात त्या या बाहेरच्या थरातून. म्हणून दुसरे अक्षर 'सी' असेल, म्हणजे त्या थरात पेशी विरळ असतील, तर पाच ते दहा पेशी काढल्यावर भ्रूणाला किती सोसवेल हे भ्रूणतज्ज्ञाला आवर्जून विचारावे.

भ्रूण तिसऱ्या दिवशी गोठवलेले असेल तर हिशोब बदलतो. त्या वेळी त्यात सहा ते दहाच पेशी असतात, आणि एक पेशी काढणेही त्याला जड जाऊ शकते. अशी भ्रूणे वितळवून आणखी दोन-तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये वाढवावी लागतात आणि त्यातली काही ब्लास्टोसिस्टपर्यंत पोहोचतच नाहीत. चार भ्रूणे वितळवून तपासणीयोग्य दोनच उरली, असे होऊ शकते, आणि याची कल्पना आधीच असलेली बरी.

याच कागदावरून आणखी एक गोष्ट पाहावी. फलन इक्सी पद्धतीने, म्हणजे एकेक शुक्राणू बीजात सोडून, झाले होते की साध्या आयव्हीएफने? साध्या पद्धतीत भ्रूणाच्या बाहेरील आवरणाला इतर शुक्राणू चिकटून राहू शकतात आणि त्यांचा डीएनए नमुन्यात मिसळू शकतो, म्हणून प्रयोगशाळेला ही माहिती आधी द्यावी लागते.

कुटुंबाचे रक्त भ्रूणाच्या आधी

पीजीटी-एम करायचे असेल तर सर्वांत अधिक वेळ या टप्प्याला द्यावा. एका पेशीत डीएनए सुमारे ६ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या सहापट, इतकाच असतो. तपासणीसाठी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात, आणि त्या काढताना आईकडून आलेली किंवा वडिलांकडून आलेली प्रत सुटून जाऊ शकते. सिकलसेलचा दोष असलेली प्रत सुटली, तर वाहक भ्रूण निर्दोष भासते. निर्दोष प्रत सुटली, तर वाहक भ्रूण रुग्ण भासते. ही चूक पकडण्यासाठी प्रयोगशाळा केवळ दोषावर न थांबता त्याच्या आजूबाजूच्या डीएनएच्या खुणाही वाचते, आणि त्या खुणांपैकी कोणत्या दोषासोबत वारशाने येतात हे तिला कुटुंबाच्या रक्तावरूनच कळते.

म्हणून पती-पत्नींचे आणि त्यांच्या आजारी मुलाचे रक्त द्यावे लागते. मूल नसेल किंवा दगावले असेल, तर दोघांच्या आई-वडिलांचे नमुने उपयोगी पडतात. सासू-सासरे सुरगाण्याला आणि माहेरची मंडळी वणीला असतील, तर त्यांना एकाच दिवशी नाशिकला बोलावून सर्वांचे रक्त एकदम घ्यावे. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात आणि त्यासाठी उपाशीपोटी येण्याची गरज नसते. वडीलधाऱ्यांना कशासाठी बोलावले आहे हे घरीच नीट समजावून सांगावे. 'तुमच्यामुळे हा आजार आला' असा सूर चुकूनही लागू देऊ नये, कारण वाहक असणे हा कुणाचाही दोष नाही. सुनेलाच एकटीला तपासणीला पाठवण्याची रीत तर पूर्णपणे थांबली पाहिजे. हा आजार बाळाला दोन्हीकडून येतो.

नमुन्यांसोबत दोषाचा नेमका जनुकीय अहवाल जोडावा. सिकलसेलमध्ये दोष एकच आणि ठरलेला असतो. बीटा थॅलेसेमियात मात्र शेकडो प्रकारचे दोष ज्ञात आहेत, त्यामुळे 'थॅलेसेमिया मायनर' एवढ्या शब्दांवर काम होत नाही आणि पती व पत्नी दोघांच्या दोषांची स्वतंत्र ओळख पटवावी लागते. ही पूर्वतयारी काही आठवडे चालते. 'तुमच्या कुटुंबासाठी तपासणी तयार आहे' असे प्रयोगशाळेने लेखी कळवल्यावरच भ्रूण वितळवण्याची तारीख घ्यावी.

खर्चाचा कागदही याच वेळी घ्यावा. त्यात वितळवणे, प्रत्येक भ्रूणाची बायोप्सी (तपासणीसाठी पेशी काढणे), पुन्हा गोठवणे, प्रयोगशाळेची कुटुंबासाठीची पूर्वतयारी, प्रत्येक नमुन्याचे शुल्क, वार्षिक साठवणूक आणि पुढचे प्रत्यारोपण या बाबी वेगवेगळ्या लिहिलेल्या असाव्यात. 'पॅकेज' या एका शब्दावर समाधान मानू नये.

बायोप्सीच्या दिवशी प्रयोगशाळेत काय होते

स्ट्रॉ टाकीतून काढल्यावर भ्रूण काही मिनिटांतच वितळते. आधी ते आक्रसलेले असते. दोन-चार तासांत पुन्हा फुगू लागते आणि त्यावरूनच ते जिवंत असल्याचे भ्रूणतज्ज्ञाला कळते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका बारीक काचनळीने ते स्थिर धरतात, आतला पुंजका छेदाच्या जागेपासून दूर राहील असे फिरवतात, लेझरच्या क्षणिक ठिणग्यांनी बाहेरच्या आवरणात छिद्र पाडतात आणि दुसऱ्या नळीने बाहेरच्या थरातील पाच ते दहा पेशी हळूच ओढून वेगळ्या करतात. त्या पेशी धुऊन एका इवल्याशा नळीत सोडतात. नळीत पडल्यावर त्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि म्हणूनच त्या क्षणी दुसरी व्यक्ती शेजारी उभी राहून भ्रूणाचा क्रमांक आणि नळीवरील क्रमांक मोठ्याने वाचून जुळवते. ही दुहेरी पडताळणी आपल्या रुग्णालयात कशी होते आणि तिची सही कुठे राहते, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. बायोप्सी उत्तम झाली आणि नळीवरचा क्रमांक चुकला, तर पुढचे सारे व्यर्थ ठरते.

यानंतर भ्रूण लगेच पुन्हा गोठवले जाते आणि ते आपल्याच रुग्णालयात राहते. प्रवास करतात त्या केवळ पेशी. प्रयोगशाळा बहुधा दुसऱ्या शहरात असते आणि नमुने थंड डब्यातून पाठवले जातात. भ्रूणच दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचा प्रस्ताव कुणी दिला, तर ती वेगळी बाब आहे. त्यासाठी कायद्यातील परवानगीची अट आणि वाहतुकीची जबाबदारी लेखी समजून घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

दोनदा गोठवणे आणि एकदा पेशी काढणे यांचा काही ताण भ्रूणावर पडतोच. अनुभवी हातांत तो कमी असतो, म्हणून आपल्या रुग्णालयात आधी गोठवलेल्या भ्रूणांची बायोप्सी नियमितपणे होते का, याची चौकशी करणे अगदी रास्त आहे.

अहवाल कसा वाचावा

दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक भ्रूण निर्दोष असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि रुग्ण असण्याची २५ टक्के असते. चार भ्रूणांत एक रुग्ण निघेलच, असा याचा अर्थ नव्हे, कारण ही शक्यता प्रत्येक भ्रूणासाठी नव्याने लागू होते. चारपैकी एकही रुग्ण नसण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के आहे. वाहक भ्रूणाचे प्रत्यारोपण बिनदिक्कत करता येते. ते मूल आपल्या आई-वडिलांइतकेच निरोगी असेल. वाहक म्हणून चांगले भ्रूण नाकारणे हे अज्ञानातून होणारे मोठे नुकसान आहे.

'निष्कर्ष नाही' असा शेरा आला तर नमुन्यातून पुरेसा डीएनए मिळाला नाही एवढेच त्यातून समजावे. पुन्हा बायोप्सी करता येते, पण त्यासाठी भ्रूण पुन्हा वितळवावे लागते. पीजीटी-ए मध्ये 'मोझेक' हा शब्द आला, म्हणजे नमुन्यात सामान्य आणि असामान्य अशा दोन्ही प्रकारच्या पेशी आढळल्या, तर ते भ्रूण लगेच टाकून देण्यास संमती देऊ नये. अशा भ्रूणांतूनही निरोगी बाळे जन्मली आहेत. कोणत्या गुणसूत्रात आणि किती प्रमाणात फरक आहे, हे जनुकीय समुपदेशकाकडून समजून घेऊन मगच निर्णय घ्यावा.

कायदा

एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा, २०२१ नुसार भ्रूणाची जनुकीय तपासणी ज्ञात, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठीच करता येते. लिंगनिवड पीसीपीएनडीटी (लिंगनिवड व गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायदा, १९९४ ने निषिद्ध आहे, आणि ती मागणाऱ्या व्यक्तीलाही पहिल्याच गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अहवालात लिंग दर्शवणारी गुणसूत्रे उघड केली जात नाहीत, आणि ती विचारू नयेत. हिमोफिलियासारखा लिंगाशी निगडित आजार कुटुंबात असेल, तर कायद्याने ती वाट वैद्यकीय कारणासाठी मोकळी ठेवली आहे. कुणी 'मुलगा हवा असेल तर बघू' असे सूचित केले, तर त्या ठिकाणी आपली भ्रूणे ठेवण्यात काही अर्थ नाही. महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांकडे तक्रार करावी. रुग्णालयाचे आणि प्रयोगशाळेचे नोंदणी प्रमाणपत्र पाहून घ्यावे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते मराठीत समजावून मागावे. पती-पत्नींपैकी कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणी असमर्थ झाले तर भ्रूणांचे काय करायचे, हे त्यात लिहिलेले असावे लागते. प्रत्यारोपण होईपर्यंत संमती मागे घेण्याचा हक्क दोघांपैकी कुणालाही आहे.

गर्भ राहिल्यानंतर

भ्रूणाची तपासणी अचूकतेच्या जवळ जाते, पण शंभर टक्के खात्री देत नाही. म्हणून पीजीटी-एम नंतर गर्भ राहिला तर ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान वारेच्या पेशींची किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करून खातरजमा करावी, असा सल्ला दिला जातो. तो नाकारायचा असेल तर विचारपूर्वक नाकारावा, आणि जन्मानंतर बाळाच्या हिमोग्लोबिनची तपासणी मात्र नक्की करून घ्यावी. उरलेल्या भ्रूणांचा तक्ता, प्रत्येकाचा अहवाल आणि साठवणुकीच्या शुल्काची पावती एकाच फाइलमध्ये ठेवावी. कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपर्यंतच साठवता येते. प्रयोगशाळेत उरलेल्या डीएनएच्या प्रती किती काळ जपल्या जातात हेही विचारून तिथेच लिहून ठेवावे, कारण पुढे दुसऱ्या एखाद्या दोषाचा शोध घ्यावा लागला, तर कदाचित भ्रूणाला पुन्हा न छेडता त्या प्रतींवरच काम होऊ शकते.